मुक्कामाची वही

अहमदपूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र समोर आहे. त्या लिहितात : "सुटीत आम्ही दोघी जावा, सासूबाई, लेकरं, पुरुषमंडळी मिळून अकरा माणसं भाड्याची गाडी करून तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर असे निघणार आहोत. शिधा बरोबर आहे, शेगडी आहे, अंथरूण-पांघरूण आहे. घरातले पुरुष म्हणतात, निघू तर खरं, मुक्कामाचं तिथं गेल्यावर पाहू. मला मात्र रात्रीची झोप येईना. मुक्कामाची खात्रीची माहिती मिळवायची तरी कुठून?"

बाई, तुम्हाला झोप येत नाही हे मला अगदी पटतं. 'तिथं गेल्यावर पाहू' हे मीही एकदा ऐकून घेतलं होतं. तिथं गेल्यावर काय पाहिलं, ते आधी सांगते. म्हणजे पुढचं सगळं मी इतक्या तपशिलानं का सांगते आहे ते कळेल.

डिसेंबर २०२२ मधली गोष्ट. आमच्या उमरीहून क्रूझर केली. सासूबाई, धाकटी जाऊ आणि तिचं आठ महिन्यांचं बाळ, नणंदबाई, आमची दोन, भावजी, हे आणि ड्रायव्हरदादा. टपावर गाद्या, पिठाचा डबा, पाण्याचे दोन जार. मुक्कामाचं म्हणाल तर शेजारच्या काकूंनी छातीठोक सांगितलं होतं, "देवळाच्या मागंच धर्मशाळा आहे. प्रशस्त. चोवीस तास पाणी. माझं नाव सांगा." त्यावर आम्ही निर्धास्त.

पहिली अडचण आली ती आपल्याच जिल्ह्यात. लोह्याच्या पुढं माळेगावची यात्रा भरलेली! खंडोबाची ही यात्रा मार्गशीर्षाच्या शेवटी भरते हे आमच्याकडं लहान लेकरालाही ठाऊक. घोडे, गाढवं, उंट, पालं, तमाशाचे तंबू, आणि नांदेड-लातूरचा हमरस्ता तिथूनच जातो. पण निघताना भिंतीवरचं कॅलेंडर एकानंही पाहिलं नव्हतं. दोन तास गाडी जागची हलली नाही. लातूरला चहा घेतला तेव्हा दिवस मावळला होता, आणि मुक्कामाच्या गावी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा.

गावाचं नाव मुद्दाम घेत नाही, गावाचा त्यात दोष नव्हता. देवळामागं गेलो तर धर्मशाळाच नाही. रस्ता रुंद करताना पाडून चार वर्षं झाली, असं पानवाल्यानं सांगितलं. काकू काही खोटं बोलल्या नव्हत्या. त्या तिथं राहिल्या होत्या खऱ्या, पण नऊ वर्षांपूर्वी. आम्ही विचारलंच नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

तेवढ्यात एक माणूस गाडीच्या खिडकीशी आला. "रूम पाहिजे का? सगळी सोय आहे." आमच्या ह्यांनी भाडं विचारलं, गाडी कुठं लावायची ते विचारलं, आणि सामान उतरवायला सांगितलं. खोली तिसऱ्या मजल्यावर. संडास खाली, मागच्या अंगणात. तिथला दिवा गेलेला, दाराला आतून कडी नाही. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेरून दार धरून उभं राहायचं. बाळाचं दूध, धुणं, सगळं त्या एका नळाशी. सासूबाईंचे गुडघे तुम्हाला ठाऊक नाहीत. घरातला उंबरासुद्धा त्या भिंत धरून ओलांडतात. त्या म्हणाल्या, "मला काही जायचं नाही, मला तहानच नाही." मीही थकलेली, 'बरं' म्हटलं आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना हुडहुडी भरून ताप आला. देवदर्शन राहिलं बाजूला, तशीच गाडी लातूरला वळवली. लघवीत जंतू झाले होते. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कालपासून पाणी किती प्यालात?" सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसानं वाटंला लागल्यावर पाणी पिऊ नाही, डॉक्टर. आमची माय बी असंच करायची."

मी शेजारीच उभी होते. लातूरच्या चहानंतर त्यांनी घोटभरही पाणी घेतलं नव्हतं, आणि घरून निघतानाच त्यांचं तसं ठरलेलं होतं. पंचाहत्तरीची बाई दीड दिवस तहान मारत माझ्या शेजारी बसून होती आणि मला पत्ता नव्हता. तुम्हीही स्वतःला विचारून पाहा. प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी कमी पिण्याची सवय आपल्यातल्या कितीजणींना आहे? त्याला आपण सोसणं म्हणतो. मला तर तो मुक्कामाची चौकशी नीट न केल्याचा दंड वाटतो, आणि तो भरते घरातली सगळ्यात म्हातारी नाही तर सगळ्यात नवी बाई.

तर आता चौकशीकडं वळू.

पहिली गोष्ट म्हणजे 'सोय आहे' या दोन शब्दांवर कधी थांबायचं नाही. पुरुषमंडळी तीन गोष्टी विचारतात : भाडं किती, गाडी कुठं लावायची, जेवण जवळ मिळतं का. ते चूक नाही, पण अपुरं आहे. आपल्याला विचारायचं असतं ते असं : खोली कितव्या मजल्यावर? लिफ्ट असेल तर वीज गेल्यावर चालते का? संडास खोलीत की बाहेर? भारतीय की कमोड? दाराला आतून कडी आहे का, दिवा आहे का? पहाटे चारला पाणी येतं की टाकी सातला भरतात? गरम पाणी मिळतं का, आणि बादलीनं मिळतं की गिझर आहे? रात्री फाटक किती वाजता बंद होतं? लेकराचे कपडे वाळत घालायला जागा आहे का? पाळीच्या दिवसातले पॅड टाकायला डबा आहे का? हे शेवटचं विचारायला लाज वाटते, कबूल. पण समोर बाई असली की वाटत नाही. म्हणून शक्यतो बाईलाच विचारायचं.

तुळजापूरचं उदाहरण घ्या. तिथं बहुतेक घरांचे पिढीजात पुजारी ठरलेले असतात आणि पुष्कळ यात्रेकरू पुजाऱ्यांच्याच घरी उतरतात. गाणगापूरलाही पुजाऱ्यांकडं उतरण्याची पद्धत आहे. त्यांना फोन केला की ते पूजेचं, अभिषेकाचं सगळं सांगतात. ते सांगून झालं की म्हणायचं, "जरा घरातल्या वहिनींना फोन देता का?" वहिनी जे सांगतात ते पुजारीबुवांच्या गावीही नसतं. "ताई, वरच्या खोलीत पाणी चढत नाही, तुम्ही खालचीच मागा" हे मला एका वहिनींनीच सांगितलं. तेवढ्या एका वाक्यानं सासूबाईंचा जिना वाचला.

दुसरं विचारायचं ते 'कधी'. "छान आहे हो!" असं कुणी म्हणालं की लगेच विचारा, तुम्ही तिथं राहिलात ते कोणत्या साली, कोणत्या महिन्यात? नुसतं दर्शन घेऊन आलात की रात्र काढली? बरोबर कुणी म्हातारं, लहान होतं का? चार मित्र मिळून गेलेल्या भाच्यानं 'एकदम मस्त' म्हटलेली जागा आपल्या कामाची असेलच असं नाही. त्यांना एक सतरंजी पुरते. दोन वर्षांपूर्वीची माहिती मी आता फक्त फोन नंबर मिळवण्यापुरती वापरते.

ड्रायव्हरदादांना जरूर विचारावं. गाडी कुठं शिरते, कुठं रात्री काचा फुटतात, कोणत्या ढाब्यावर बायका थांबतात, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. मात्र काही ठिकाणी गिऱ्हाईक आणल्याबद्दल त्यांच्या हातावर काही ठेवतात, हेही लक्षात असू द्या. शिवाय ते स्वतः बहुधा गाडीतच झोपतात, त्यामुळं खोलीच्या मोरीला कडी आहे की नाही ते त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. तुम्ही गाणगापूरला जाणार म्हणता, म्हणजे गाडी कर्नाटकात जाणार. तिकडच्या परवान्याचं आणि कराचं आजच विचारून ठेवा, नाहीतर नाक्यावर रात्र जायची.

आता फोनवर पाहण्याचं. आमची सून आली की पाच मिनिटांत दहा जागा काढून दाखवते, आणि मी काही त्याच्या विरुद्ध नाही. पण फोटो कुणी टाकले आहेत ते बघावं. मालकानं टाकलेल्या फोटोत फुलदाणी असते. राहून गेलेल्या माणसानं टाकलेल्यात मोरी असते. मोरीचा फोटो शोधा! लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचताना सर्वांत नवे आधी वाचावेत. 'लेकरं घेऊन गेलो होतो', 'आईला घेऊन गेलो होतो' असं लिहिणाऱ्याचं एक वाक्य नुसत्या पाच ताऱ्यांपेक्षा जास्त कामाचं.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. खोलीचे पैसे कुणाच्या तरी फोनवरच्या सांगण्यावरून आगाऊ पाठवू नका. मोठमोठ्या देवस्थानांच्या भक्त निवासांच्या नावानं खोटी संकेतस्थळं आणि खोटे नंबर काढून यात्रेकरूंना फसवण्याचे प्रकार देशभर झालेले आहेत. केदारनाथ, चारधाम, सोमनाथच्या यात्रेकरूंसाठी तर केंद्राच्या सायबर गुन्हे विभागानं एप्रिल २०२५ मध्ये जाहीर इशाराच दिला होता. आमच्या नात्यातल्या एका मुलाचे असेच दोन हजार गेले. खोलीचा सुंदर फोटो, देवाचं चित्र असलेली पावती, सगळं होतं. फक्त खोली नव्हती. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करावा. जितका लवकर कराल तितकी पैसे अडकवून ठेवता येण्याची आशा जास्त.

संस्थानांचे आपापले नियम असतात. शेगावचं गजानन महाराज संस्थान, अक्कलकोटचं अन्नछत्र मंडळ, पंढरपूरच्या मंदिर समितीचं भक्त निवास, आपल्या नांदेडच्या गुरुद्वाऱ्याची यात्री निवासं, या जागांवर माझा भरवसा आहे. पण प्रत्येकाची रीत निराळी. कुठं आधी नोंद होते, कुठं हजर झाल्यावरच खोली देतात, कुठं एकट्या माणसाला देत नाहीत. आधार कार्ड मात्र सगळीकडं लागतं, म्हणून सासूबाईंचंही घ्या. नंबर घ्यायचा तो संस्थानाच्या पावतीवरचा, फलकावरचा किंवा नुकतंच जाऊन आलेल्यांनी दिलेला. नकाशावर सगळ्यात वर दिसतो म्हणून घ्यायचा नाही.

वार आणि तिथी तर विसरूच नका. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा, अक्कलकोटला गुरुवार, पंढरपूरला एकादशी. एरवी सहज मिळणारी खोली त्या दिवशी मिळत नाही, मिळाली तर भाडं निराळं. आम्ही आता प्रवासाचा क्रमच असा लावतो, की गर्दीच्या दिवशी त्या गावी दिवसा दर्शन घ्यायचं आणि रात्री दुसरीकडं राहायचं.

आमच्या गल्लीत एक मावशी आहेत, पंढरीची वारी न चुकवणाऱ्या. त्यांना मी एकदा म्हटलं, "मावशी, तुम्ही इतके दिवस उघड्या माळावर राहता, तुम्हाला भीती नाही वाटत?" मावशी हसल्या. म्हणाल्या, "तुमच्या लॉजपेक्षा आमचं बरं असतं." आणि खरंच, विचार केला तर मुक्कामाचं शास्त्र वारकऱ्यांइतकं कुणी बसवलेलं नाही. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचं वेळापत्रक आधीच छापून येतं. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. कोणत्या रात्री कुठं, हे घरी बसलेल्या सुनेलाही ठाऊक. दिंडीचा ट्रक पुढं जातो, चालणारी माणसं पोचेपर्यंत राहुट्या उभ्या राहिलेल्या असतात, टँकर आलेला असतो, चूल पेटलेली असते. पंढरपुरात चंद्रभागेच्या पलीकडं '६५ एकर' म्हणून जागा आहे. भक्तिसागर म्हणतात तिला. आषाढीला तिथं दिंड्यांना भूखंड आखून देतात. पाणी, वीज, शौचालयं करतात. "आमच्याकडं 'तिथं गेल्यावर पाहू' असं कुणीच म्हणत नाही. दिंडीत म्हणून बघा, विणेकरी तुम्हाला घरी पाठवील," असं मावशींचं म्हणणं.

ही घर घेऊन फिरण्याची हौस जगभर आहे. माझी एक भाची अमेरिकेत असते. ती माणसं सुटीत मोटारीतच पलंग, ओटा आणि संडास असलेली मोठी गाडी भाड्यानं घेतात. वाटलं, हिला कसली आली मुक्कामाची काळजी! तर म्हणाली, "मावशी, गाडीत संडास असला तरी तो रिकामा कुठं करायचा, पाणी कुठं भरायचं, विजेची तार कुठं जोडायची, याची चौकशी करावीच लागते." तिकडं १९६२ साली मॉन्टाना राज्यातल्या बिलिंग्ज गावी, सिॲटलच्या जागतिक प्रदर्शनाला निघालेल्या गाड्या पाहून कुणीतरी नदीकाठी अशी उतरायची जागा काढली आणि पुढं त्याची देशभर साखळीच झाली. प्रत्येक गावी तीच सोय मिळणार याची खात्री लोकांना हवी होती, दुसरं काय? सरकारी उद्यानांतल्या पुष्कळ जागा तर सहा-सहा महिने आधी धराव्या लागतात. तरीही भाची निघण्याच्या आदल्या दिवशी स्वतः फोन करून विचारते, नळ चालू आहे ना? आपल्याकडंही महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाचं धोरण काढलं. पण तुमचं-आमचं फिरतं घर म्हणजे अजून क्रूझर आणि टपावरच्या गाद्या.

शेगडीबद्दल तुम्ही लिहिलंत म्हणून सांगते. पुष्कळ भक्त निवासांत खोलीत स्वयंपाक करू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. गाडी उभी करतात त्या पटांगणात परवानगी आहे का ते आधी विचारा. माणसांनी भरलेल्या गाडीत सिलिंडर घेऊन फिरणं माझ्या मनाला पटत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या रेल्वेडब्यात चोरून नेलेल्या सिलिंडरनं आग लागली आणि नऊ माणसं गेली, तेव्हापासून आमच्याकडं ते बंद. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, धपाटे दोन दिवस टिकतात. पुढं अन्नछत्र आहे, महाप्रसाद आहे. शेगडीपेक्षा दुसरी एक वस्तू टपावर टाका : घडी होणारी कमोडची खुर्ची. औषधांच्या मोठ्या दुकानात मिळते. भारतीय संडासावर ती ठेवली की गुडघेदुखीच्या माणसाचा निम्मा प्रवास सोपा होतो. सासूबाई आधी "लोक काय म्हणतील" म्हणाल्या. आता त्याच ती गाडीत चढवल्याशिवाय बसत नाहीत. आणि डिझेल भरायला थांबलं, की पंपावरचं स्वच्छतागृह कुठं आहे ते पुरुषांनी विचारायचं, असा आमच्याकडं नियमच करून टाकला आहे.

राहिली वही. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांकडं पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या असतात. आपले पणजोबा कधी आले, बरोबर कोण होतं, सगळं त्यात सापडतं. पणजीनं रात्र कुठं काढली ते तेवढं नसतं. तर आपली वही आपणच ठेवावी. मी दोनशे पानी वही घातली आहे. प्रत्येक गावाला दोन पानं. वर तारीख आणि वार. खाली खोली कितवा मजला, पायऱ्या किती, कडी, दिवा, पाणी येण्याची वेळ, भाडं काय सांगितलं आणि काय घेतलं, कुणाशी बोललो. हे सगळं त्याच रात्री, झोपण्याआधी लिहायचं. घरी आल्यावर सगळंच 'छान झालं' वाटायला लागतं!

वही गावात फिरते. आधी भिशीतल्या बायका घेऊन गेल्या, मग त्यांच्या नणंदा-भावजया. परत येते तेव्हा आणखी कुणाच्या अक्षरात चार ओळी वाढलेल्या असतात. "या जागी गेलो होतो, कडी बसवली आहे." "इथं आता जाऊ नका, मालक बदलला." बासरच्या पानावर तर चार जणींनी लिहिलं आहे, कारण आमच्या उमरीहून ते रेल्वेनं जवळ आणि नातवंडांच्या अक्षराभ्यासाला सगळ्याच जातात. तिथं एकीनं ठळक लिहून ठेवलंय : 'वसंत पंचमीला मुळीच राहू नये.'

तुमच्या पत्रात तारीख नाही, तेवढी कळवा. वही सध्या धर्माबादला गेली आहे, आठ दिवसांत येईल. तुळजापूरचं आणि अक्कलकोटचं पान ताजं आहे, ते उतरवून पाठवते. पंढरपूरचं एकादशी सोडून चालेल. गाणगापूरचं मात्र तीन वर्षांपूर्वीचं आहे, त्याच्यावर विसंबू नका. त्यातला फक्त फोन नंबर घ्या, वहिनींशी बोला, आणि राहून आलात की त्या रात्रीचं सगळं लिहून मला पाठवा. पायऱ्या मोजायला विसरू नका.